रंग चालतो की रंग जातो?

‘द रेड रन्स. सेंड फ्रेश लॉट ॲट वन्स.’ श्रोतेहो, इंग्रजीतील ही दोन लहानशी वाक्ये आहेत. शब्द मोजले तर अवघे आठ भरतील, आणि त्यांत एकही शब्द असा नाही की जो शाळेत चार वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला ठाऊक नसावा. असे असूनही या आठ शब्दांनी काही वर्षांपूर्वी सुरतेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर मोठाच प्रसंग आणला. त्या प्रसंगाची हकीकत आधी सांगतो आणि मग ‘रन’ या साध्या दिसणाऱ्या इंग्रजी क्रियापदाविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडतो.

हा मुलगा मूळचा नंदुरबारकडचा. तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून खानदेशात जाणारा जो लोहमार्ग आहे, त्याच मार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेत आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांतून स्थायिक झाली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. या मुलाचे वडील यंत्रमागावर कामाला होते. मुलगा घरी अहिराणी बोले, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती. इंग्रजी शिकण्यासाठी तो संध्याकाळी माझ्याकडे येई. पुढे तो साड्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीवर लागला. प्रथम ताके मोजणे, साड्यांच्या घड्या घालणे, पार्सले शिवणे ही कामे त्याच्याकडे असत. परंतु त्याला इंग्रजी येते हे कळल्यावर परप्रांतांतून येणारी इंग्रजी पत्रे वाचून शेठना त्यांचा मतलब सांगण्याचे काम त्याच्याकडे आले. घरात पहिल्यानेच कोणीतरी खुर्चीवर बसून काम करू लागले होते. आईने त्या दिवशी शेजारी साखर वाटली.

अशातच दक्षिणेकडील एका ग्राहकाचे ते आठ शब्दांचे पत्र आले. मुलाने ते वाचले. ‘रन’ म्हणजे धावणे, हे त्याला पाठ होते; पण रंग काही धावत नाही. मग त्याला आठवले की, यंत्राच्या बाबतीत ‘रन’ म्हणजे चालणे. तेव्हा लाल रंग चालतो! सुरतेच्या बाजारात ‘माल चालतो’, ‘रंग चालतो’ याचा अर्थ एकच. त्याला गिऱ्हाईक आहे, खप आहे. आणि पुढचे वाक्य तर या अर्थाला पुष्टीच देत होते : नवा माल ताबडतोब पाठवा. त्याने शेठना आनंदाने सांगितले, “शेठ, लाल रंग फार चालतो आहे. आणखी मागितला आहे.” शेठनीही त्याच घाणीतला, त्याच रंगाचा उरलेला सारा लाल माल त्याच दिवशी रवाना केला.

ग्राहकाचे म्हणणे नेमके उलट होते. लाल रंग जातो, तो पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या काठाला लागतो. तरी हा माल बदलून दुसरा पाठवा, असे तो लिहीत होता. आठवड्याभराने आधीची आणि नंतरची अशी दोन्ही पार्सले परत आली, आणि सोबत एक कडक पत्र आले. ते पत्र मात्र कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. ग्राहक तुटला. शेठनी मुलाला काढले नाही, पण पत्रांचे काम काढून घेऊन त्याला पुन्हा घड्या घालावयास बसविले. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “सर, तुम्हीच तर सांगितलं होतं, रन म्हणजे धावणे, आणि यंत्राच्या बाबतीत चालणे.”

मी खरोखरच तसे सांगितले होते. त्याच्या वहीत तसे लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा मराठी अर्थ आणि मध्ये एक उभी रेघ, अशा वह्या आपण सर्वांनीच भरल्या आहेत. त्या उभ्या रेघेने आपल्या मनात एक समजूत पक्की होते की, प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द उभा असतो आणि तो पाठ झाला की काम झाले. वृक्ष, हत्ती, मंगळवार अशा नामांच्या बाबतीत ही समजूत बरीचशी खरी ठरते. क्रियापदांच्या बाबतीत, आणि त्यातही रोजच्या वापरातील लहान क्रियापदांच्या बाबतीत ती दगा देते.

हा दगा केवढा मोठा आहे, हे इंग्रजांच्या स्वतःच्या कोशावरून कळून येते. ऑक्सफर्डचा सुप्रसिद्ध बृहत्कोश सर जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली १८८४ साली भागशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९२८ साली पुरा झाला. १९८९ साली त्याची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. त्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची. त्याचे सुमारे ४३० अर्थ तीत दिले होते आणि ती नोंदच मुळी सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे एखाद्या बेताच्या कादंबरीएवढी होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या संपादकाने एकट्या या क्रियापदावर सुमारे नऊ महिने खर्च केले, आणि २०११ साली जाहीर झाले की, ‘रन’चे क्रियापद म्हणून ६४५ अर्थ भरले आहेत.

हा आकडा ऐकून विद्यार्थ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. कोशकार हा सोनाराच्या काट्याने तोलणारा माणूस असतो. जहाज वाऱ्यामागे धावले तर एक अर्थ, किनाऱ्यावर चढले तर दुसरा, चोरून माल घेऊन निसटले तर तिसरा, असे तो मोजतो. त्यांतील कित्येक अर्थ खलाशांच्या, शिकाऱ्यांच्या किंवा छापखान्याच्या धंद्यापुरते आहेत आणि कित्येक तर शेकडो वर्षांपूर्वीच बोलण्यातून गेले आहेत. रोजच्या व्यवहाराला जे लागतात ते चार-पाच घराण्यांत सहज बसतात, आणि त्या घराण्यांचा मूळ पुरुष एकच आहे.

तो मूळ पुरुष कोणता? आपण मानतो की, पायांनी धावणे हा मूळ अर्थ आणि बाकीचे त्यावरून आले. परंतु या शब्दाच्या अगदी जुन्या रूपांतही माणसाचे धावणे आणि पाण्याचे वाहणे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. इंग्रजीची बहीण जी जर्मन भाषा, तिच्यात याच कुळातील ‘रिनेन’ या क्रियापदाचा अर्थ आजही वाहणे, झिरपणे असाच आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटात मुळापासून एक कल्पना आहे : अडथळ्यावाचून, सलगपणे पुढे जात राहणे. हा धागा हाती धरला की बाकीचे अर्थ सुटे सुटे राहत नाहीत.

पहिले घराणे पाण्याचे. तापी सुरतेवरून समुद्राकडे वाहते, नळ वाहतो, सर्दी झाली की नाक वाहते, मेणबत्तीचे मेण ओघळते. या साऱ्या ठिकाणी इंग्रज ‘रन’ म्हणतो. आमच्या मुलाचा लाल रंग याच घराण्यातला. रंग पाण्याबरोबर वाहू लागतो, म्हणून तो ‘रन’ होतो. त्याने दाराची पाटी नीट वाचली, पण घर दुसरेच होते.

दुसरे घराणे यंत्राचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडात वाफेची यंत्रे आली, कापडाच्या गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या. या नव्या वस्तू न थांबता काम करीत राहत. त्यांच्यासाठी नवे क्रियापद घडवीत बसण्यास कोणाला सवड होती? हाताशी असलेले ‘रन’ लावले गेले. गिरणी ‘रन’ होते, माग ‘रन’ होतो, आगगाडी ‘रन’ होते आणि आता संगणकावरील कार्यक्रमही ‘रन’ होतो. अर्थांची एवढी गर्दी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे हे यंत्रयुगच होय. इंग्रजीत सर्वसाधारण, नेहमीच्या प्रतीच्या वस्तूला ‘रन ऑफ द मिल’ म्हणतात, तोही याच युगाचा वारसा. गिरणीतून जसा निघाला तसा, निवड न केलेला माल, असा त्याचा मूळ अर्थ आहे. सुरतेच्या कापडबाजारात तो अर्थ कोणालाही समजावून द्यावा लागणार नाही.

तिसरे घराणे कारभाराचे. यंत्र चालते त्याअर्थी ते कोणीतरी चालविते. तसेच दुकान, शाळा, खानावळ, राज्य यांचेही आहे. दुकान ‘रन’ करणे म्हणजे ते घेऊन धावत सुटणे नव्हे, तर त्याचा कारभार पाहणे. चौथे घराणे विस्ताराचे आणि मुदतीचे. रस्ता अमुक गावाहून तमुक गावाला जातो, भिंत नदीच्या कडेने जाते, करार तीन वर्षे चालतो, नाटकाचे प्रयोग सहा महिने चालतात. यांत प्रत्यक्ष हालचाल कसलीच नाही. पाहणाऱ्याची नजर किंवा काळ तेवढा पुढे सरकतो.

आणि पाचवे घराणे सर्वांत फसवे. त्यात ‘रन’च्या पाठीमागे एक चिमुकला शब्द येऊन बसतो आणि सारा अर्थच फिरवितो. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे, हे समजण्याजोगे आहे. परंतु ‘रन इंटू’ म्हणजे अवचित गाठ पडणे किंवा जाऊन आदळणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे. ‘रन डाउन’ म्हणजे एखाद्याची निंदा करणे. ‘रन अप’ म्हणजे उधारी चढविणे. ‘रन आउट’ची तर मौजच आहे. क्रिकेटच्या मैदानावर त्याचा अर्थ धावचीत, आणि स्वयंपाकघरात त्याचा अर्थ साखर संपली!

आता येथे एखादा श्रोता म्हणेल, ही इंग्रजी भाषाच मोठी बेशिस्त आहे. आमच्या मराठीत असला गोंधळ नाही. त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी घटकाभर आपल्याच घरात कान देऊन बसावे. घड्याळ चालते. दुकान चालते. खटला चालतो. संसार चालतो. नोट चालते किंवा चालत नाही. डोके चालत नाही. घरात सुनेपुढे सासूचे काही चालत नाही. पाहुण्याला चहा चालतो. आणि एकादशीला साबुदाणा चालतो, पण गहू चालत नाही! मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रजाने आपल्या वहीत ‘चालणे म्हणजे पायांनी जाणे’ असे लिहून मध्ये उभी रेघ मारली असेल, तर उपवासाच्या दिवशी साबुदाणा कोठे चालत जातो, याचा शोध करीत तो बिचारा हिंडत राहील.

‘लागणे’ या क्रियापदाची तऱ्हा याहूनही विलक्षण आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वाटेत गाव लागते, बाळाला दृष्ट लागते, दमलेल्याचा डोळा लागतो. इतकेच नव्हे तर ‘जावे लागते’ यात ते सक्ती दाखविते आणि ‘रडू लागला’ यात आरंभ दाखविते. ही सारी वाक्ये आपण शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो, आणि कोणत्याही कोशावाचून शिकलो. कारण आईने आपल्याला ‘लागणे’चा अर्थ कधी सांगितला नाही, तिने ‘भूक लागली का?’ असे अख्खे वाक्य विचारले आणि समोर ताट ठेवले.

भाषांचा हा स्वभावच आहे. जो शब्द रोज हजारो तोंडांतून जातो त्याच्यावर नवी कामे येऊन पडतात. नवी वस्तू आली की माणूस नवा शब्द शोधण्यापेक्षा जवळच्या शब्दाला हाक मारतो. याउलट जो शब्द क्वचित वापरला जातो तो आपल्या एकाच अर्थाला धरून राहतो. म्हणून विद्यार्थ्याला लांबलचक, अवघड इंग्रजी शब्दांची जी भीती वाटते ती बरीचशी अस्थानी आहे. तसल्या शब्दांचा एक अर्थ असतो. कोश उघडला की तो सापडतो. भीती बाळगावयाची तर ती तीन-चार अक्षरांच्या शब्दांची. रन, सेट, गेट, टेक, पुट ही मंडळी खरी अवघड.

दोन भाषा समोरासमोर ठेवल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जेथे इंग्रज धावतो तेथे मराठी माणूस पुष्कळदा नुसता चालतो. त्याचे घड्याळ, यंत्र, दुकान, नाटक ही सारी धावतात, आपली चालतात. वृत्तपत्रांच्या मराठीत आगगाडी धावते खरी, पण फलाटावरच्या प्रवाशाच्या तोंडी ती येते, जाते किंवा सुटते. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार धावतो, इंग्रज उमेदवार उभा राहतो, आणि आपला उमेदवार उभाही राहतो आणि निवडणूक लढवितोही! मराठीने ‘रन’ला शब्दशः ‘धाव’ केले ते मुख्यतः क्रिकेटमध्ये. तेथेही चेंडू सीमेपार गेला की फलंदाजाला एक पाऊल न उचलता चार धावा मिळतात. रेडिओवरील ‘धावते समालोचन’ हेही तसेच भाषांतर. समालोचक मात्र आपल्या खुर्चीवर बसलेला असतो.

हे सारे सुरतेच्या निमित्ताने सांगताना मला विशेष वाटते, ते एवढ्याचसाठी की, इंग्रजी भाषा हिंदुस्थानात व्यापारासाठी प्रथम उतरली ती याच बंदरात. १६०८ साली विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजातून सुरतेस आला. गंमत अशी की, पुढे आग्र्यास जाऊन तो जहांगीर बादशहाशी बोलला तो इंग्रजीत नव्हे, तर तुर्कीत. परक्या मुलखात आपला शब्द समजला नाही तर व्यापार होत नाही, हे त्याला ठाऊक होते. १६१३ साली इंग्रजांची वखार सुरतेत उभी राहिली, १६१५ साली सर टॉमस रो येथेच उतरला, आणि १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस नेईपर्यंत पश्चिम किनाऱ्यावरील तिचा कारभार येथूनच चालला. मराठी माणसाला सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. ‘लूट’ हा आपल्याकडचा शब्द पुढे इंग्रजांनी जसाच्या तसा उचलला आणि त्याचे क्रियापदही केले. परंतु पाहुणा शब्द जसा वागतो तसाच तोही वागला. आपल्याबरोबर मुख्यतः एकच अर्थ घेऊन गेला. ‘रन’ही आपल्या बोलीत आला तो धाव एवढाच अर्थ घेऊन. शब्द परक्या घरी अंग चोरून बसतो. त्याचा सारा गोतावळा पाहावयाचा तर त्याच्याच घरी जावे लागते.

शब्दांचा असा गोतावळा शोधणाऱ्या दोन थोर पुरुषांचा या शहराशी संबंध आला. ‘मराठी भाषेचे पाणिनी’ म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालेले होते. म्हणजे मराठीचा हा व्याकरणकार गुजराती मुलांना इंग्रजी शिकवीत होता! तीन भाषांच्या त्या तिठ्यावर उभे राहून त्यांनी दुर्गाराम मेहताजी यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह १८४४ साली ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली, ही गोष्ट समाजसुधारणेच्या इतिहासात नमूद आहे. दुसरे पुरुष म्हणजे सुरतेत १८३३ साली जन्मलेले कवी नर्मदाशंकर, म्हणजेच नर्मद. त्यांनी वर्षानुवर्षे एकट्याने खपून गुजराती भाषेचा ‘नर्मकोश’ रचला आणि १८७३ साली तो पुरा प्रसिद्ध केला. सुमारे पंचवीस हजार शब्दांचा अर्थ ठरविताना एकेका साध्या क्रियापदापाशी त्यांना किती वेळ थांबावे लागले असेल, याची कल्पना ‘रन’ची कथा ऐकल्यावर आपल्याला करता येईल.

आता कामाच्या गोष्टीकडे वळतो. अशा क्रियापदाशी गाठ पडली तर विद्यार्थ्याने काय करावे? माझ्या अनुभवाने मी तीन प्रश्न सांगतो. पहिला प्रश्न : कर्ता कोण? माणूस असेल तर धावेल, यंत्र असेल तर चालेल, पाणी किंवा रंग असेल तर वाहील, रस्ता असेल तर जाईल. कर्त्याकडे पाहिले की निम्मे अर्थ आपोआप गळून पडतात. दुसरा प्रश्न : क्रियापदाच्या मागे कोणता चिमुकला शब्द आहे? असेल तर तो जोडशब्द एकच मानून कोशात पाहावा. दोघांना सुटे करू नये. तिसरा प्रश्न : लिहिणारा कोण, आणि तो कोणत्या धंद्यातला? कापडाचा व्यापारी रंगाविषयी लिहितो तेव्हा तो बहुधा तक्रार करीत असतो. रंग पक्का आहे म्हणून पत्र लिहिण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आणि वहीतील ती उभी रेघ पुसून टाकावी. तेथे सुटा शब्द लिहू नये, वाक्य लिहावे. ‘रन म्हणजे वाहणे’ असे नव्हे, तर ‘नाक वाहते’ हे अख्खे वाक्य एका ओळीत आणि त्याचे इंग्रजी दुसऱ्या ओळीत. कोश पाहतानाही पहिला अर्थ घेऊन पळू नये. कोशातील पहिला अर्थ हा पुष्कळदा सर्वांत जुना किंवा सर्वांत परिचित असतो. आपल्या वाक्याचा असेलच असे नाही. शंका राहिलीच तर विचारावे. त्या दिवशी माझा विद्यार्थी ग्राहकाला दोन ओळी लिहून विचारता, तर फार तर एक दिवस गेला असता. पण इंग्रजी येते म्हणून मिळालेल्या खुर्चीवर बसून ‘मला हे कळले नाही’ असे म्हणणे सोपे नसते. ते म्हणण्याचे धैर्य मी त्याला शिकविले नव्हते, ही माझी दुसरी चूक.

प्रसंगानंतर मी त्याच्याबरोबर एका रंगखात्यात गेलो. तेथील जाणत्या कारागिराने आम्हाला समजावून दिले की, पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यावर रंग चढवावयाचा तर पाणी दाबाखाली सुमारे १३० अंशांपर्यंत तापवावे लागते; तेव्हा कोठे रंग धाग्याच्या आत शिरतो. जो रंग आत न शिरता वर बसून राहतो तो नंतर औषधी पाण्यात नीट धुऊन काढावा लागतो. घाई केली, ती धुलाई अपुरी राहिली, तर वरवरचा रंग पुढे गिऱ्हाइकाच्या बादलीत सुटतो. मुलगा हे लक्ष देऊन ऐकत होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “सर, माझं इंग्रजी असंच झालं होतं. वर बसलं होतं, आत गेलंच नव्हतं.” मी त्याला म्हणालो, “अरे, धुलाई माझ्याकडून राहिली.”

तो दक्षिणेकडचा ग्राहक परत आला नाही. मुलाला मात्र सुमारे दीड वर्षाने पत्रांचे काम पुन्हा मिळाले. आता एखाद्या वाक्याविषयी शंका आली तर तो शेठना सरळ सांगतो, “याचे दोन अर्थ होतात, विचारून घेतो.” त्याच्या नव्या वहीत उभी रेघ नाही. पहिल्या पानावर पहिलेच वाक्य आहे, ‘द रेड रन्स’, आणि त्याखाली लिहिले आहे, ‘लाल रंग जातो’. माझ्या वर्गातही आता प्रत्येक नव्या मुलाच्या वहीत पहिले वाक्य तेच असते. मुले विचारतात, “सर, धावणे कुठे गेले?” मी त्यांना सांगतो, ते पुढच्या पानावर येईल, आधी कर्ता कोण ते सांगा.